कोपरा न फाडलेलं पत्र

म्हातारपणच्या आजारांचा विमा विकायचा तर सुरुवात कुठून करायची, हा आमच्या धंद्यातला सगळ्यात अवघड प्रश्न. भांडी विकणारा दारात उभा राहून पातेलं वाजवून दाखवतो. मी काय दाखवणार? "काकी, उद्या तुम्ही आजारी पडलात तर" एवढं म्हटलं की पुढचं ऐकायला समोर कोणी उरत नाही. 'शुभ बोल नाऱ्या' म्हणून अंगणातूनच परत पाठवणारी माणसं मी इतकी पाहिली, की पुढे पुढे मी आपणहून अंगणातच थांबायला लागले. निवृत्त होईपर्यंत मी रत्नागिरीत हेच काम केलं. अजूनही कोणी ओळख करून देताना "ह्या विमेवाल्या बाई" असंच म्हणतं. त्यात आदर किती आणि सावध राहण्याची सूचना किती, हे मी विचारत नाही.

म्हणून दारात जाण्याआधी पत्र जायचं. पद्धत साधी होती. साठी ओलांडलेल्या माणसांची नावं आणि पत्ते मिळवायचे, त्यांना कंपनीचं छापील पत्र टाकायचं आणि ज्याला माहिती हवी असेल त्याने तसं उलट टपाली कळवायचं. असं कळवणाऱ्याला आमच्या भाषेत 'लीड' म्हणतात. पोतंभर पत्रं टाकावीत तेव्हा ओंजळभर उत्तरं येतात, आणि त्या ओंजळीतले दोन-चार जण पॉलिसी घेतात. बाहेरच्याला हा आतबट्ट्याचा व्यवहार वाटेल. पण उत्तर आलं की मी त्या घरी आगंतुक नसते, बोलावलेली असते. खुर्ची मिळते, पाणी मिळतं, आणि आजारपणाचा विषय मला काढावा लागत नाही, तेच काढतात.

सगळीच उत्तरं कामाची नसतात, हेही सांगायला हवं. दापोलीकडच्या बुरोंडीचे एक आजोबा प्रत्येक पत्राला न चुकता उत्तर द्यायचे. एवढ्या लांब एसटीने हाडं खिळखिळी करून जावं, तर ते मला बाग दाखवायचे, जेवू घालायचे, वर कोकमं बांधून द्यायचे आणि पॉलिसीचं नाव काढलं की म्हणायचे, "पुढच्या पत्राला बघू." त्यांना विमा नको होता, कोणीतरी यायला हवं होतं. आणखी एक गृहस्थ आमचं पत्र हातात नाचवत थेट ऑफिसात आले होते. माझं वय तुम्हांला कोणी सांगितलं, हा त्यांचा सवाल. मतदारयादीत छापलेलं असतं म्हटल्यावर ते आणखी चिडले, कारण त्यांनी केसांना त्याच सकाळी कलप लावलेला होता. त्यांना मी चहा पाजला आणि यादीतून नाव काढलं.

पत्र कधी टाकायचं, हे मी माझं मी शिकले. कंपनीला वाटायचं मार्चमध्ये टाकावं, कर वाचवायच्या दिवसांत. आमच्याकडे मार्चमध्ये म्हातारी माणसं आंबा-काजूत असतात. आमची पत्रं गणपतीच्या आधी घरात पोचायला हवीत. कारण आमच्याकडे घरात राहतो एक आणि घर चालवतो दुसरा. आई-वडील गावी, मुलगा मुंबईला. विम्याचं काय, तर "झिलाला विचारून सांगतो." तो मुलगा गणपतीला येतो. तेव्हा पत्र कॅलेंडरच्या मागे खोचलेलं असलं, की आरती झाल्यावर निवांत निघतं. चाकरमानी परत जायच्या आत मी त्या घरी हजर. हे वेळापत्रक वरच्या साहेबांना पटवायला मला बरीच वर्षं लागली.

तर एका वर्षी वरून नवीन पत्र छापून आलं. गुळगुळीत कागद, हसणारे आजी-आजोबा, आणि खाली उजव्या हाताला तिरकी ठिपक्यांची रेघ. "हा कोपरा फाडून, नाव-पत्ता लिहून सोबतच्या पाकिटातून पाठवा. टपालखर्च आमचा." पत्राच्या मागे वेगळं कार्ड जोडायचा खर्च वाचला म्हणून साहेब खूश होते. मीही ती पत्रं मुकाट्याने पोस्टात टाकली.

शहरातून नेहमीसारखी उत्तरं आली. गावांतून काहीच नाही. एरवी खेड्यांतूनच जास्त उत्तरं यायची, कारण शहरातल्याला पत्रांचं अप्रूप नसतं. गणपती तोंडावर आले तरी ओंजळ रिकामीच. साहेबांनी फोनवर निष्कर्ष काढला की कोकणातल्या खेड्यांत विम्याची जागृती नाही. मला राग आला, पण माझ्याकडे दुसरा निष्कर्ष नव्हता.

आणि मग एकच पाकीट आलं, पूर्णगडहून. आत सबंध पत्र होतं. कोपऱ्यात नाव-पत्ता नीट भरलेला, पण कोपरा जागच्या जागी. उघडून पाहिलं तर चारही कोपऱ्यांना हळदीची बोटं. मी दुसऱ्याच दिवशी पावसमार्गे पूर्णगडची एसटी पकडली.

पत्र पाठवणाऱ्या बाईंचं नाव भागीरथी. सगळं गाव त्यांना भागीकाकी म्हणायचं, मीही तेच म्हणू लागले. खाडीच्या अंगाला उतारावर घर, अंगणातून खाली रस्त्यापर्यंत जांभ्याच्या पायऱ्या. नवरा तात्या, आयुष्यभर मासेमारीच्या होडीवर गेलेला माणूस, आता पडवीत जाळी विणत बसलेला. एकुलता एक मुलगा महेश मालवाहू बोटीवर खलाशी. पाणी पिऊन झाल्यावर मी पहिला प्रश्न विम्याचा नाही, कोपऱ्याचा विचारला. काकींनी माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं.

"कोपरा फाटलेला कागद घरात कोन ठेवतो गो बाय? माजा पोरगा बोटीवर हाय."

हा रिवाज मला ठाऊक नव्हता असं नाही. माणूस गेल्याचं कार्ड कोपरा फाडून टाकतात. घेणारा ते उंबऱ्याच्या आत आणत नाही, बाहेरच वाचतो आणि बाहेरच फाडतो. माझ्या लहानपणी वडिलांनी असं एक कार्ड फाटकाशी उभं राहून वाचलेलं मी पाहिलं होतं. वाचलं, फाडलं आणि कोणाशी न बोलता ते विहिरीवर आंघोळीला गेले. आत्या गेल्याचं आम्हांला त्यांच्या ओल्या पंच्यावरून कळलं. एवढं पाहिलेलं असूनही ठिपक्यांची रेघ बघताना ते माझ्या डोक्यात आलं नाही. माझ्या डोळ्यांपुढे फॉर्म होता, त्यांच्यापुढे कोपरा होता. ज्यांची मुलं मुंबईत, दुबईत आणि समुद्रावर, त्यांनाच आम्ही सांगत होतो की कोपरा फाडा आणि उरलेला कागद घरात ठेवा.

पुढे लांज्याकडे गेले तेव्हा याचा दुसरा अंक ऐकायला मिळाला. तिथल्या एका धीट आजोबांनी कोपरा फाडून पाकिटात भरला आणि उरलेलं पत्र पाटाखाली सारलं. आजी शेतावरून आल्या, पत्र दिसलं, आणि त्यांनी जी बोंब ठोकली ती वाडी गोळा होईपर्यंत थांबली नाही. मुंबईतल्या दोन मुलांपैकी कोणता, एवढंच त्या विचारत होत्या. आजोबा ओटीवर विडी ओढत बसले होते. त्यांनी आधी विडी टाकली, मग ते पाकीट चुलीत टाकलं. मला हे सांगताना सगळे हसत होते, आजी सोडून.

पूर्णगडला मात्र त्या दिवशी काम झालं. काकींना विमा का हवा, हे त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. काही वर्षांपूर्वी तात्यांचं हर्नियाचं ऑपरेशन निघालं. महेशला कळलं तसा तो कॉन्ट्रॅक्ट अर्धवट टाकून, मधल्याच बंदरात उतरून घरी आला. ऑपरेशन नीट झालं, पण बोट सोडून आलेला म्हणून त्याला पुढे बोटीच्या कंपनीने उभं केलं नाही. दुसरी बोट मिळेपर्यंत तो या पडवीत बसून होता. ठरलेलं लग्नही त्यात मोडलं.

"परत तसा नको," काकी म्हणाल्या. "आमी आजारी पडू तेवा त्याला बोट सोडायला लागता नये. तेवढा तुजा कागद करील काय?"

इतक्या वर्षांत मला इतकं नेमकं विचारणारं गिऱ्हाईक भेटलं नव्हतं. लोक विचारतात, किती मिळतील, कधी मिळतील. या बाईंनी विचारलं, माझा मुलगा बोटीवर राहील का. मी म्हटलं, करील.

फॉर्म भरताना नेहमीची जागा आली. काकींना साखरेचा त्रास होता, गोळ्या चालू होत्या. मी समजावलं की हे लिहिलं तर साखरेमुळे उद्भवणाऱ्या दुखण्यांना पहिली काही वर्षं कंपनी पैसे देणार नाही. बाकीच्या आजारांना आणि अपघाताला देईल. इथे बहुतेक घरांत कोणीतरी हळूच म्हणतं, "नाही लिहिलं तर?" तोंडाने काही न बोलताही होकार देणारे एजंट असतात. त्यांचे क्लेम मी बुडताना पाहिले आहेत. तात्यांनी जाळ्यातून मान वर न करता निकाल दिला की होडीला भोक असेल तर ते किनाऱ्यावर असतानाच सांगावं. सगळं खरं लिहिलं गेलं.

परत येऊन मी साहेबांशी भांडले. साहेब म्हणाले, आजच्या काळात असल्या समजुती कोण पाळतं. मी म्हटलं, तुम्ही तुमच्या आईला हे पत्र कोपरा फाडून पाठवा आणि मग मला फोन करा. त्यांचा फोन आला नाही, पण आमच्या जिल्ह्यापुरतं वेगळं उत्तराचं कार्ड छापून आलं. मग मी आणखी एक आगाऊपणा केला. स्वयंपाकघरात वाटीत हळद कालवून घरातल्या सगळ्यांना कामाला लावलं आणि प्रत्येक पत्राच्या कोपऱ्याला बोट टेकवून मगच ते पाकिटात घातलं. कंपनीच्या गुळगुळीत आजी-आजोबांच्या गालालाही कधी कधी हळद लागली. उत्तरं परत यायला लागली. ती हळदीमुळे की कार्डामुळे, हे सिद्ध करता येणार नाही. मला विचाराल तर मी हळदच म्हणेन.

भागीकाकींच्या पॉलिसीची परीक्षा त्यानंतर दुसऱ्या पावसाळ्यात झाली. अंगणाच्या पायऱ्यांवरून त्या घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शेजाऱ्यांनी रिक्षा करून रत्नागिरीला खाजगी दवाखान्यात आणलं आणि तात्यांनी मला फोन केला. मी गेले, विम्याचं कार्ड दिलं, दवाखान्याने कंपनीला ऑपरेशनच्या मंजुरीसाठी कागद पाठवले. अपघात आहे, अडचण यायचं कारण नव्हतं. मी तात्यांना सांगितलं, संध्याकाळपर्यंत होईल.

संध्याकाळी कंपनीचा उलट प्रश्न आला. दाखल करताना लिहिलेल्या माहितीत 'चक्कर येऊन पडल्या' असं आहे. रुग्णाला मधुमेह आहे. चक्कर मधुमेहामुळे आली असेल तर हे आधीच्या आजारात मोडतं, आणि त्याची मुदत अजून संपलेली नाही.

कागदावर पाहिलं तर कंपनीचं चूक नव्हतं. मी काकींकडे गेले. त्या वेदनेने पांढऱ्या पडल्या होत्या. चक्कर आली होती का विचारलं तर म्हणाल्या, कसली चक्कर, पाय सरला. मग चक्कर कोणी सांगितली? दाखल करताना डॉक्टरांशी बोलले होते ते तात्या.

तात्या बाहेर बाकावर बसले होते, हातात मोबाइल, पडद्यावर महेशचा नंबर. म्हणाले, पैशाचं होत नसेल तर त्याला कळवतो, येऊ दे. मी त्यांच्या शेजारी बसले आणि विचारलं की तात्या, चक्कर तुम्ही पाहिलीत का. मग जे बाहेर आलं ते असं : पायऱ्यांवर शेवाळ धरलं होतं. ते खरवडून टाका म्हणून काकी किती दिवस त्यांच्या मागे लागल्या होत्या. आज करतो, उद्या करतो म्हणत ते जाळी विणत राहिले. दवाखान्यात सगळ्या शेजाऱ्यांसमोर डॉक्टरने कसं पडल्या विचारलं, तेव्हा शेवाळाचं नाव घ्यायला जीभ वळली नाही. चक्कर तोंडातून निघून गेली. आमच्याकडे चक्कर सगळ्यालाच लागू पडते. भांडण झालं तरी चक्कर, उपास घडला तरी चक्कर. ती लिहिली जाते आणि कंपनीत वाचली जाते, हे त्या माणसाला काय माहीत?

होडीला भोक असेल तर किनाऱ्यावर सांगावं, हे मी त्यांना आठवून दिलं नाही. गरजही नव्हती. ते उठले, डॉक्टरांच्या खोलीत गेले. मी दारात होते. डॉक्टर त्यांच्या मुलाच्या वयाचा होता. त्याच्यापुढे टोपी हातात घेऊन उभं राहून ते म्हणाले,

"डॉक्टर, तिला चक्कर नाय आली. शेवाल होता पायरीवर. मी काडला नाय. ती माज्यामुलं पडली."

डॉक्टरांनी आत जाऊन काकींना पुन्हा विचारलं, आलेल्या शेजाऱ्यालाही विचारलं, रक्तातली साखर पाहिली, मग सुधारून सही केली. दुसऱ्या दिवशी मंजुरी आली आणि ऑपरेशन झालं. काकी बऱ्या होऊ लागल्या. तात्या रोज येऊन खाटेच्या पायथ्याशी बसायचे. शेवाळाबद्दल काकींनी त्यांना एक शब्द विचारला नाही, आणि त्याचाच त्यांना जास्त त्रास होत असावा.

महेशला काहीच कळलं नाही. बोट बंदराला लागली की तो व्हॉट्सअ‍ॅपवर बोलायचा. त्याचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. काकींनी कॅमेऱ्यावर अंगठा धरला आणि अंगणात बसलेय, इथे रेंज नाही, चित्र दिसणार नाही असं सांगून मासे किती महाग झालेत ते त्याला ऐकवलं. फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले. माझा कागद बोलल्याप्रमाणे वागला होता, आणि त्याचा मला गर्व वाटत होता.

कॉन्ट्रॅक्ट संपवून महेश घरी आला, तेव्हा आई काठी घेऊन चालत होती. तो पुढच्याच आठवड्यात माझ्या दारात उभा राहिला. मला वाटलं आभार मानायला आलाय. बसायला सांगितलं तर बसला नाही.

"मॅडम, तुम्ही आईचं चांगलं केलंत," तो म्हणाला. "पण आई टेबलावर होती आणि मी डेकवर गाणी ऐकत होतो. हे मी कोणाला सांगू?"

तुझ्या आईची तशी इच्छा होती, एवढं मी म्हटलं. तो म्हणाला, ते मला माहीत आहे, म्हणून तर तिच्यावर चिडता येत नाही, तुमच्यावर चिडायला आलो. चहा मात्र पिऊन गेला.

ते वाक्य माझ्याजवळ राहिलं. तोवर मी समजत होते की आपण म्हाताऱ्यांना आधार विकतो. त्या दिवसापासून वाटू लागलं की मुलांपासून लपवायची सोयही विकतो. पैशाची अडचण असते तेव्हा निदान मुलाला फोन करावा लागतो. ती अडचण मी काढून घेतली होती. म्हणून काय विमा विकू नये? मी विकत राहिले, आणि पुन्हा प्रसंग आला तर काकींनाही विकेन. पण नंतरच्या प्रत्येक घरी फॉर्म भरून झाल्यावर मी एक प्रश्न विचारू लागले, जो कंपनीच्या फॉर्मात नव्हता : दुखलं-खुपलं तर मुलाला कधी कळवायचं, हे आत्ताच ठरवा. काही जण हसायचे, काही डोळे पुसायचे. भागीकाकींनाही मी जाऊन तेच विचारलं. त्या म्हणाल्या, "बोलवायची वेल मना कलते गो." आणि विषय बदलला.

पुढे पत्रं बंद झाली. आता लीड फोनवरून विकत मिळते. म्हाताऱ्यांना दिवसातून कितीदा तरी कुठून कुठून मंजुळ आवाजात फोन येतात आणि ती बिचारी प्रत्येकाला "बाळा, जेवलास का" विचारतात. माझ्या कपाटात उत्तराच्या कार्डांचा एक गठ्ठा उरला होता. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी वाणसामान लिहीत असे.

यंदा गणपती होऊन गेल्यावर पोस्टमनने फाटकातून हाक मारली. विजेच्या बिलाशिवाय माझ्याकडे आता टपाल येत नाही, म्हणून मी चपला न घालताच गेले. त्याने कार्ड हातात दिलं आणि नजर चुकवून सायकल वळवली. कार्डाला एक कोपरा नव्हता.

मी फाटकाशीच उभी राहिले. खाली सही महेशची होती.

"आई गेली. ह्या वेळी तिने स्वतः फोन करून बोलावलं. मी घरी होतो, तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मॅडमना फोन करू नको, कार्ड टाक, असं तिनेच सांगून ठेवलं होतं."

मी ते पुन्हा एकदा वाचलं. आत आणायचं नसतं, म्हणून तिथेच फाडलं. भागीकाकी माझ्या नात्यातल्या कोणी नव्हत्या. मी न्हाणीघरात गेले आणि डोक्यावरून आंघोळ केली.